कागदाची बाहुली



मजुरांच्या सभांतून ओरडून ज्याचा घसा बसला, त्याने बाहुल्यांवर बोलावे याचे आपणांस हसू येईल. आम्हांलाही आले होते. पण आमचे अर्धे आयुष्य एका कागद गिरणीच्या फाटकावर गेले आणि ही बाहुली कागदाची आहे. तेव्हा थोडा अधिकार पोचतो.

जपानात ३ मार्चला मुलींचा सण असतो, हिनामात्सुरी. लाल कापडाच्या पायऱ्यांवर दरबार मांडतात. वर सम्राट-सम्राज्ञी, खाली तीन दासी, पाच वादक, दोन मंत्री. श्रीमंतांच्या बाहुल्या इतक्या वाढल्या की अठराव्या शतकात शोगूनच्या सरकारला त्यांच्या उंचीवर मर्यादा घालावी लागली! आमची नजर मात्र गेली मंत्र्यांच्याही खालच्या तीन हुजऱ्यांकडे. एक रडतो, एक हसतो, एक रागावलेला. अख्ख्या दरबारात मनातले तोंडावर दाखवण्याची मुभा काय ती या तिघांना.

परंतु सणाचे मूळ या थाटात नाही. कागदाची मनुष्याकृती करायची, अंगावरून फिरवायची, इडापिडा तिच्यात उतरली असे मानायचे आणि ती पाण्यात सोडायची, अशी जुनी रीत. तोत्तोरी प्रांतातल्या मोचिगासे गावी आजही मुली कागदी स्त्री-पुरुषांची जोडी पेंढ्याच्या गोल चकतीवर ठेवून सेंदाई नदीत सोडतात. तिथी जुन्या चांद्र पंचांगाची, तिसऱ्या महिन्याची तिसरी. २०२४ साली ती ११ एप्रिलला आली. त्याच दिवशी आपल्याकडे चैत्रगौर बसली.

त्याच तोत्तोरीत इन्शू नावाचा हातकागद होतो. तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाच्या फांद्या हिवाळ्यात तोडायच्या, वाफवायच्या, साल सोलायची, तिची काळी पाठ खरवडायची, क्षाराच्या पाण्यात ती शिजवायची. मग गार पाण्यात साल धरून एकेक काळा कण बोटांनी वेचायचा. हे काम बहुधा बायकांचे. आणि सारे थंडीतच का? लगद्यात तोरोरो-आओई नावाच्या, भेंडीच्या कुळातल्या झाडाच्या मुळांचा चीक घालतात. त्याने तंतू पाण्यात तरंगत राहतात. उन्हाळ्यात तो पातळ होऊन निकामी होतो. म्हणजे कागद चांगला हवा तर पाणी गार हवे, आणि पाणी गार म्हणून बोटे बधिर!

२०१४ साली युनेस्कोने जपानच्या तीन हातकागदांच्या कारागिरीला वारशाचा मान दिला. चांगले झाले. कण वेचणारीच्या बोटांचे काय, ते त्या यादीत नसते.

आमच्या गिरणीत ओली रद्दी निवडणाऱ्या बायकांसाठी आम्ही एकदा हात धुवायला ऊन पाणी मागितले. मालक म्हणाले, "त्यांना सवय असते." ते पाणी मिळायला तीन हिवाळे गेले.

असो. येताना आम्ही पुण्याच्या हातकागदाची एक जोडी करून आणली आहे. आमच्या जाड बोटांना घड्या नीट जमल्या नाहीत. राणीची एक बाही आखूड झाली आहे. सभा संपल्यावर मुलींनी पुढे यावे, कागद आणि कात्री टेबलावर आहे.