आंतरराज्य मालवाहतूक : नियोजन, कायदा आणि सुरक्षितता

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



राज्यघटनेच्या अनुच्छेद 301 नुसार भारताच्या राज्यक्षेत्रात व्यापार, वाणिज्य आणि व्यवहार मुक्त असतील, हे आपण पाठ केलेले असते. या मुक्ततेला रस्त्यावर कोणते रूप येते, ते एका ट्रकच्या प्रवासातून पाहू. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतून यंत्रांचे सुटे भाग घेऊन एक ट्रक दिल्लीला निघणार आहे. अंतर सुमारे 1,250 किलोमीटर. मार्ग धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थानातील धोलपूरचा पट्टा, उत्तर प्रदेश आणि हरियाणा ही पाच राज्ये ओलांडून तो राजधानीत पोहोचेल.

परवाना आणि कागदपत्रे

पहिला प्रश्न परवान्याचा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 88(12) मध्ये राष्ट्रीय परवान्याची तरतूद आहे. मे 2010 पासून त्यासाठी एकत्रित वार्षिक शुल्काची पद्धत आली आणि प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे भरण्याची गरज संपली. मात्र या परवान्याला एक मर्यादा आहे. स्वतःचे राज्य सोडून अन्य कोणत्याही एकाच राज्यातील दोन ठिकाणांदरम्यान माल नेता येत नाही. दिल्लीहून परतताना ग्वाल्हेरचा माल नाशिकला आणता येईल. परंतु ग्वाल्हेरहून इंदूरला पोहोचवता येणार नाही. परतीचे भाडे ठरवताना हा नियम लक्षात ठेवावा लागतो.

परवान्याबरोबर नोंदणी पुस्तक, योग्यता प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि चालकाचा अवजड वाहनाचा परवाना वैध असावा लागतो. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांवरील इलेक्ट्रॉनिक प्रतीही ग्राह्य धरल्या जातात.

मालाचे मूल्य 50,000 रुपयांहून अधिक असल्यास ई-वे बिल आवश्यक असते. आंतरराज्य वाहतुकीसाठी ही पद्धत 1 एप्रिल 2018 पासून लागू झाली. 1 जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक दिवस अशी त्याची मुदत आहे. आपल्या ट्रकला त्यानुसार सात दिवस मिळतात. वाटेत वाहन बदलल्यास नव्या वाहनाचा क्रमांक बिलात नोंदवावा लागतो. याच ट्रकमध्ये लासलगावचा ताजा कांदा असता, तर करमुक्त माल म्हणून ई-वे बिलाची गरज पडली नसती.

वजन

जुलै 2018 मध्ये केंद्र शासनाने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचे एकूण कमाल वजन 16.2 टनांवरून 18.5 टन झाले, तर तीन आसांच्या ट्रकचे 25 वरून 28.5 टन झाले. यात वाहनाचे स्वतःचे वजनही धरलेले असते. म्हणून माल भरल्यावर वजनकाट्याची पावती घेणे हे शहाणपणाचे ठरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 नुसार जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड होतो. शिवाय जादा माल उतरवावा लागतो. केवळ चालकच नव्हे, तर असे वाहन चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही या कलमाच्या कक्षेत येतो.

घाट आणि ब्रेक

धुळ्याच्या पुढे राज्याच्या सीमेवर बिजासन घाट लागतो. 4 जुलै 2023 रोजी याच महामार्गावर धुळे जिल्ह्यातील पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला आणि किमान 10 जणांचा मृत्यू झाला. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. भार जितका अधिक, तितका हा धोका मोठा. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे आणि इंजिनाच्या साहाय्याने वेग रोखणे हा यावरील उपाय आहे. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय त्यामुळेच जीवघेणी ठरते. निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, दिवे आणि मागील परावर्तक पट्ट्या तपासणे हा नियोजनाचाच भाग आहे.

चालकाचे तास

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने चालकासाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. दूर पल्ल्याच्या मार्गावर प्राधिकरणाच्या मान्यतेने ती अनुक्रमे 10 आणि 54 तासांपर्यंत वाढवता येत असे. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीही अपेक्षित होती. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. परंतु 1961 चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एक-दोन ट्रक बाळगणारे असंख्य मालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

हिशेब मांडून पाहा. थांबे, टोलनाके आणि घाट धरून ताशी सरासरी 40 किलोमीटर वेग मानला, तर 1,250 किलोमीटरला सुमारे 31 तास लागतात. दिवसाला आठ तासांप्रमाणे हे चार दिवसांचे काम आहे. ई-वे बिलाची मुदत सात दिवसांची आहे. म्हणजे रात्रभर जागून गाडी हाकण्याची सक्ती कायदा करीत नाही; ती दोन दिवसांत माल पोहोचवण्याच्या वचनातून येते. हे वचन देणारा कार्यालयात असतो आणि ते पाळणारा चाकामागे.

दिल्लीत अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असते. त्यामुळे चौथ्या दिवसाचे वेळापत्रक रात्रीच्या प्रवेशाला जुळवून आखावे आणि त्याआधी चालकाला झोप मिळेल अशी व्यवस्था करावी. दिल्लीच्या पुढे जाणाऱ्या ट्रकने पलवलहून बाह्य द्रुतगती मार्ग धरावा.

मित्रहो, 2022 या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. उद्या आपल्यापैकी काही जण प्रशासनात जातील. तेथे परवाना आणि वजन तपासणे सोपे असते, कारण त्यांची पावती असते. चालकाच्या थकव्याची पावती नसते. महामार्गांवरील विश्रांतिस्थळे, वाहनतळ आणि कामाच्या तासांची नोंद यांकडे धोरणकर्ते व प्रशासक म्हणून आपण किती लक्ष देतो, यावर व्यापाराची मुक्तता सुरक्षितही आहे की नाही, हे ठरणार आहे.