पाहुण्यांचा पैसा कोठे जातो?



मालदीवमध्ये १९७२ साली इटलीहून प्रवाशांची पहिली तुकडी उतरली. २०२४ साली पाहुणे आले २० लाखांहून अधिक, आणि देशाची वस्ती सुमारे ५ लाखांची! व्यापारउदीम करणाऱ्या आपल्या ज्ञातीस हा आकडा मोहवील. आम्ही मात्र विचारतो, तो पैसा राहिला कोठे? अनेक वर्षे पाहुण्यांचा मुक्काम निर्मनुष्य बेटांवरील आलिशान हॉटेलांत असे. कोळ्यांच्या गावाला त्यांचे दर्शनही दुर्लभ. शिवाय मासळी वगळता ताटातील बहुतेक जिन्नस परदेशचा, म्हणजे आलेला डॉलर आल्या पावली परत! २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढण्यास मुभा मिळाली, तेव्हा कुठे माफूशीसारख्या गावी घरगुती अतिथिगृहे उभी राहिली. ही मिळकत घरच्या चुलीपर्यंत पोहोचते खरी. त्या चुलीवरचा तांदूळ मात्र अजूनही बाहेरूनच येतो.