कर्करोग : औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे
(पीण्या औद्योगिक क्षेत्र, बंगळूर येथील भाषण)

पीण्यातली शेड असो की टपालाचे सॉर्टिंग, कर्करोग झाला की डॉक्टरांआधी सल्लागार पोचतात. योगासने, मालिश जोडीला जरूर घ्या. बंगळूरच्याच 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांची मळमळ योगाने कमी झाली. पण गाठ त्याने विरघळत नाही! केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीचपट, असे 2018 च्या अमेरिकी पाहणीत आढळले. काढे-भस्मे घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. काहींचे औषधांशी जमत नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेत स्लीपर व थ्री-एसीचे भाडे पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. बुकिंगवरच्या साथींनी हे न विचारताच सांगावे.