देवळालीच्या वाटेवरील एक संख्या



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आकडेमोड ऐकविणाऱ्या या जुन्या शिक्षकास आपण क्षमा कराल, अशी आशा आहे.

रायपूरहून सुटलेली आपली हावडा-मुंबई मेल दुसऱ्या दिवशी देवळालीवरून जाते आणि घाट उतरून डोंबिवली ओलांडते. या दोन गावांना एका माणसाने गणितात जोडले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. डोंबिवलीस, म्हणजे त्या काळच्या डेम्लो स्थानकावर, सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव दिले : डेम्लो संख्या.

त्यांतील एक सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एके ओळीने लिहून त्या संख्येस तिनेच गुणावे, की ही मिळते. गुणाकार कागदावर मांडला म्हणजे मर्म कळते. तीच ओळ नऊ वेळा, दर खेपेस एक घर डावीकडे सरकून येते. उभ्या बेरजा एकापासून चढत मध्यभागी नवावर पोहोचतात आणि तशाच उतरतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून संख्या दोन्हीकडून सारखीच वाचता येते. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. तिचे वर्गमूळ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. मात्र दहावा एक जोडताच मधल्या घरात दहा होतात, हातचा निघतो आणि आरसा तडकतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता ही संख्या वाचावी कशी? येथील शाळेत मुले म्हणतील : बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खरब, अठ्ठ्याहत्तर अरब, अठ्ठ्याण्णव करोड, आणि पुढे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो. त्यापुढचे स्थान परार्ध. पण त्यांचा खर्व हिंदी खरबाच्या दहावा हिस्सा आहे. माझ्याच नातीच्या वहीवर मी एकदा लाल रेघ ओढली होती. ती खरब म्हणत होती, मी खर्व समजलो. चूक तिची नव्हती. दोन भाषांच्या घरात असे घडते, आणि रेघ ओढण्यापूर्वी विचारावे, एवढे मी तेव्हा शिकलो.

कापरेकरांना विचारणारेही थोडेच होते. संशोधनाची पदवी नाही, हाती केवळ अंकांचे खेळ, म्हणून विद्वानांनी त्यांना बाजूला ठेवले. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते सत्तरीचे होते, १९८६ साली निवर्तले.

खिशातील साधा गणकयंत्राचा पडदा आजच्या आपल्या संख्येस अपुरा पडतो. तेव्हा बालगोपाळांनी कागद-पेन्सिल घ्यावी. आरंभ सात एक्यांपासून करावा; मोठ्यांनी उत्तर सांगू नये.