उतरवता येणारी भिंत

(गणेशोत्सवात काचीगुडा येथे केलेले भाषण)



मी टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. "कापडाचं शिकतेस ना, मग कागद कशाला छापतेस?" असं मला घरात आणि दारात सगळ्यांनी विचारून झालंय. उत्तर सोपं आहे. साडी असो की वॉलपेपर, तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते आणि जिथे ती स्वतःला भेटते तो सांधा दिसू द्यायचा नसतो. आम्ही त्याला रिपीट म्हणतो. फुलं माझी दोन दिवसांत काढून झाली. सांध्याने तीन आठवडे खाल्ले.

प्रकल्पासाठी मी आमच्या जुन्या घरातली माजघराची भिंत घेतली. आमचा गणपती दरवर्षी तिच्यापुढेच बसतो. नक्षीही घरातलीच, आजीच्या पैठणीवरची आसावली. वेल वर चढणारी, म्हणून हाफ-ड्रॉप रचना केली. म्हणजे शेजारच्या पट्टीत तेच फूल अर्ध्या अंतराने खाली येतं. त्यामुळे भिंतीवर आडव्या रांगा दिसत नाहीत, नजर वेलीबरोबर तिरकी वर जाते.

कागद पुण्याहून आणलेला हातकागद. बाजारातला वॉलपेपर साधारण 10 मीटरच्या गुंडाळीत मिळतो. माझा ताव 22 बाय 30 इंचांचा. तेव्हा आधी ताव जोडून पट्ट्या करणं आलं. मला वाटलं, हा माझाच शोध! पण फ्रान्सच्या लुई-निकोला रोबेर यांनी 1799 मध्ये अखंड कागदाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याआधी युरोपातले कारागीरही ताव चिकटवूनच वॉलपेपर करत होते. आणि हातकागद आपल्याला परका नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो पिढ्यानपिढ्या होत आला, आणि 1956 पर्यंत तो भाग आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो.

हा कागद पाणी पितो. पहिला रंग स्क्रीनमधून ओढला की ताव फुगतो, वाळला की आकसतो. दुसरा रंग चढवला तर पाकळी तिच्या रेघेबाहेर दोन मिलिमीटर. अकरा ताव वाया गेल्यावर मी जुन्या कागद्यांचीच रीत धरली. तावाला पातळ खळ लावली, वाळू दिली आणि गुळगुळीत दगडाने घोटली. रंगही घट्ट केला. मग तीन रंग जागच्या जागी बसले.

आता सजावट. खडीकामात करतात तसं फुलाच्या गाभ्यात स्क्रीनने आधी डिंक छापला आणि त्यावर सोनेरी वर्ख दाबला. इथे थांबायला हवं होतं. पण आपण हैदराबादचे! लाड बाजारातून आरसे आणि खडे आणले आणि प्रत्येक फुलात डकवले. मैद्याच्या खळीत मोरचूद घालून पहिली पट्टी भिंतीला लावली. रात्री दोन वाजता ती धाडकन खाली आली. बाबा काठी घेऊन चोर शोधायला निघाले. सकाळी पाहिलं तर खळीची काहीच चूक नव्हती. तिने चुन्याचा पापुद्रा घट्ट धरला होता, पापुद्र्यानेच ओली भिंत सोडली होती.

तेव्हा आजी म्हणाली, "पुढच्या वर्षी ही भिंतच नसणार, मग चिकटवतेस कशाला?" घर बिल्डरकडे जायचंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. तुमच्यापैकी कित्येकांनी हे अनुभवलं असेल.

मग मला वर्गात ऐकलेली एक गोष्ट आठवली. अठराव्या शतकात युरोपातले श्रीमंत लोक चीनहून हाताने रंगवलेले वॉलपेपर मागवत. ते पुष्कळदा कापडावर डकवून लाकडी पट्ट्यांवर ताणत, म्हणजे पुढे काढून दुसऱ्या दालनात लावता येत. मीही मांजरपाट आणला, त्यावर कागदाच्या पट्ट्या डकवल्या आणि सागवानी चौकटीवर ताणल्या. कापडाचं शिक्षण शेवटी कामाला आलं. आरसे चार फुलांमागे एक इतकेच ठेवले. आजीला ते अजून पटलेलं नाही. "सणाची भिंत अशी कोरडी असते का?" ती म्हणते.

परीक्षकांनी विचारलं, यंत्रावर हेच तासाभरात छापून मिळालं असतं ना? मिळालं असतं, आणि स्वस्तही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण छापील फ्लेक्सवरचं सोनं हे सोन्याचं चित्र असतं. समईची ज्योत हलली की वर्ख हलतो, फ्लेक्स हलत नाही. हा फरक मला पुरेसा वाटतो. प्रत्येकाला वाटेलच असं नाही.

चौकट चौदा स्क्रूंवर उभी आहे. विसर्जनानंतर उतरवून नव्या फ्लॅटसाठी गुंडाळून ठेवू. तोवर संध्याकाळच्या आरतीला जरूर या. डावीकडून तिसऱ्या पट्टीत एक सांधा चुकलाय. मी तिथे मुद्दाम समई ठेवली होती, तरी आजीने पहिल्याच दिवशी तो शोधून काढला.