हातानं बसेल ते

मी कविता लिहितो, म्हणून लोक मला शब्दांविषयी विचारतात. आज मात्र मी एका पोलादी प्लेटविषयी बोलणार आहे.

आमचं घर मिरजेचं. घरात दखनी, गॅरेजात मराठी. अब्बा अकाली गेले तेव्हा भाईजाननी शाळा सोडून पाना हातात घेतला, म्हणून मी बी.ए. झालो. १९९३ साली त्यांनी भंगारातून स्वतःची गाडी बांधायला घेतली. इंजिन मॅटाडोरचं डिझेल, गिअरबॉक्स जुन्या जीपचा. भाभींच्या बांगड्या मोडून आणलेला.

दोघांची बोल्टांची भोकं जुळत नव्हती. अशा वेळी मध्ये एक प्लेट घालतात. तिच्यात एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. क्लच प्लेट बाहेरून इंजिनाच्या मापाची लागते, पण तिच्या मधल्या हबाचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टावर बसावे लागतात. भाईजाननी हब बदलून घेतला.

शाफ्टाचं टोक क्रँकच्या शेवटी असलेल्या छोट्या बुशात शिरतं. ते शिरलं, पण प्लेट आणि गिअरबॉक्स यांच्यात चार-पाच मिलिमीटर फट राहिली. भाईजान चहाला गेले होते. म्हटलं, एवढ्यासाठी काय थांबायचं? बोल्ट लावले आणि आवळत गेलो. एका बाजूची फट मिटत आली आणि 'टच्' असा आवाज झाला. गिअरबॉक्सचा बिडाचा कान तुटला होता.

भाईजान आले. तुकडा उचलून त्यांनी खिशात टाकला. म्हणाले, "चल, मापं लिहून घे. कोल्हापूरला जाऊ."

उद्यमनगरातल्या एका वयस्क मेस्त्रींनी कागद पाहिला. "शाफ्टाचं टोक क्रँकच्या भोकात तळाला टेकतंय. प्लेट जाड करा. आणि बोल्ट धरायला असतो, ओढायला नसतो. हातानं बसत नसेल तर पाना लावू नये."

कान वेल्डिंगनं जोडला. नवी जाड प्लेट लेथवर काढली. डायल गेज लावून दोन्हींची केंद्रं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जुळवली. केंद्रं एका रेषेत नसली, की शाफ्टावर दर फेऱ्याला ताण येतो, बुश झिजतं, गिअर ओरडतात. मग भाईजाननी गिअरबॉक्स हलकेच डोलवत पुढे ढकलला. तो अलगद जाऊन बसला. बोल्ट त्यानंतर लावले.

गाडीची नोंदणी झाली नाही, त्यामुळे ती रस्त्यावर कधी आली नाही. पण मामूंच्या उसाच्या शेतात ती कितीतरी वर्षं पळाली. कवितेची एखादी ओळ बसत नसली, की मी अजूनही आधी पाना खाली ठेवतो.

तो कान कुणी तोडला, हे भाईजाननी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. भाभी हा कार्यक्रम ऐकतात. म्हणून आज मीच सांगून टाकलं.