मोहाचे फूल
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वसंतातल्या एखाद्या रानफुलाविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पळस असावा. पळस दुरून दिसतो, नजरेत भरतो, आणि त्याच्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. मी आज मोहावर बोलणार आहे. मोहाचे नाव काढले की आपल्या घरांतून एकच वस्तू आठवते, ती म्हणजे दारू. माझे माहेर गडचिरोलीकडचे. तिकडे मोह म्हटले की बायकांना आधी टोपली आठवते.

थंडी सरता सरता मोहाची पाने झडतात. फाल्गुन-चैत्रात, नवी पालवी पुरती फुटण्यापूर्वी, फांद्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली कळ्यांचे घोस लोंबू लागतात. या फुलाची तऱ्हाच निराळी. देठ आणि बाहेरचा मखमली पेला झाडावर राहतो, आणि आतला फिकट पिवळा, गुबगुबीत, रसाने भरलेला भाग तेवढा रात्री-पहाटे टपटप गळून पडतो. वास कुणाला गोड वाटतो, कुणाला उग्र. मला विचाराल तर भिजत घातलेल्या गुळासारखा.

हे फूल तोडायचे नसते, वेचायचे असते. दिवस उजाडायच्या सुमारास बायका, मुले, म्हाताऱ्या रानात जातात आणि उन्हे चढेपर्यंत कंबर वाकवून एकेक फूल उचलतात. कोणत्या झाडाखाली कोणत्या घरच्यांनी वेचायचे, हे पुष्कळ गावांत जुन्या वहिवाटीने ठरलेले असते. त्याला कागद नाही, शिक्का नाही. अस्वलालाही मोह फार प्रिय. म्हणून एकटीने जाऊ नये, चौघी मिळून मोठ्याने बोलत जावे, असे मोठ्या बायका बजावतात. तरीही दर वर्षी कुठे ना कुठे अस्वलाने कुणाला जखमी केल्याचे कानी येतेच.

आणलेली फुले कडक उन्हात वाळवली की मनुकांसारखी लालसर होतात आणि कोरडी ठेवली तर पुष्कळ महिने टिकतात. खाण्यापूर्वी आतले केसर चोळून काढतात. मग ती भाजून तिळाबरोबर कुटतात आणि लाडू वळतात. साखर-गूळ घालावा लागत नाही, फुलाचीच गोडी पुरते. पाण्यात उकळून, गाळून, तो रस आटवला की काकवीसारखा पाक होतो. पिठात मिसळून भाकरीही थापतात. अन्नधान्याच्या टंचाईत या फुलांनी कितीतरी गावे जगवली आहेत. मागे मी असले लाडू आपल्या हळदीकुंकवाला आणले होते. मोहाचे म्हणताच दोघीतिघींनी हात मागे घेतला! भगिनींनो, द्राक्षांचीही दारू होते, म्हणून आपण बेदाणे टाकून देत नाही.

फुलांमागून उन्हाळ्याच्या अखेरीस फळे येतात. त्यांच्या बियांना तिकडे टोळी म्हणतात. टोळीचे तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते खाण्यात, दिव्यात, साबणात वापरतात आणि दुखऱ्या सांध्यांना चोळतात. पेंड मात्र विषारी असते. ओढ्याच्या डोहात टाकून मासे गुंगवायला ती जुने लोक वापरत.

आणि हे फूल केवळ रानातल्या गरिबांचेच, असेही नाही. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त पार्वतीला नवरी म्हणून सजवताना तिच्या केसांभोवती दूर्वा आणि फिकट मधूकपुष्पे यांची माळ गुंफली आहे. मधूक म्हणजे आपला मोहच.

आता दारूचे. ती होते, पुष्कळ होते, आणि तिने मोडलेले संसार मी जवळून पाहिले आहेत. त्यावर पांघरूण घालायला मी उभी नाही. पण कायद्याने फुलालाच गुन्हेगार ठरवले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी इंग्रज सरकारने १८९२ साली मोहाचा खास कायदा केला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर वेगळी बंधने आली. खाण्यासाठी वेचलेली टोपली आणि भट्टीसाठी नेलेले पोते यांत फरक कुणी करायचा? २०२१ साली राज्य सरकारने फुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरची बंधने आदिवासींसाठी उठवली. आता एवढेही ऐका. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, तेव्हा ती मागणाऱ्यांत बायका पुढे होत्या. म्हणजे पहाटे मोह वेचणाऱ्या गावांतल्याच बायका! त्यांना फूल आणि दारू वेगळी करता येतात. आपल्यालाच येत नाहीत.

त्यांची खरी अडचण भावाची आहे. घरात पैशाची नड असते, म्हणून चैत्रात मोह स्वस्तात विकायचा आणि पावसाळ्यात तोच चढ्या भावाने विकत घ्यायचा, असे पुष्कळ घरांत चालते. २०२० साली केंद्र सरकारने वाळलेल्या मोहफुलांची आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. पण आठवडी बाजारात तराजू व्यापाऱ्याच्या हातात असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने असल्या वनोपजावर गावाची मालकी मान्य केली आणि २००९ साली मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. जिथे गाव एकत्र साठवते आणि विकते, तिथे बाईला दोन महिने थांबणे परवडते.

एक गोष्ट मात्र वेचणाऱ्यांनाही सांगायला हवी. पाल्यात फूल दिसत नाही म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. एखाद्या दुपारी वारा सुटला की तीच आग रानभर पसरते. मोहाची कोवळी रोपेही तीत जळतात. पाला झाडून बाजूला करता येतो. झाडाखाली जुनी लुगडी अंथरली तर आणखी बरे. फूल मातीला लागत नाही, स्वच्छ मालाला गिऱ्हाईक मिळते आणि वेचणारीची कंबरही थोडी वाचते. आपल्या पेट्यांच्या तळाशी अशी लुगडी पुष्कळ पडून असतील. फाल्गुनापूर्वी ती मंडळात जमा करावी, माझ्या माहेरगावी पोचवायचे काम माझ्याकडे. माझी दोन लुगडी चिटणीसबाईंकडे दिलेली आहेत.